त्या गावात भाव पडत नाही

माननीय संपादक साहेब, नमस्कार,

मी तुमच्या पेपरची जुनी वाचक, म्हणजे माहेरी एसटीने एक दिवस उशिरा यायचा तेव्हापासूनची, पण पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे काही मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या. मागच्या रविवारच्या पुरवणीत गेमच्या वेडाबद्दल जे पानभर आलं होतं त्याबद्दल लिहितेय. त्यात पैसे लावून खेळायची रमी, पोरांचे ते धडाधड गोळ्या घालायचे गेम, आणि शेवटी जाता जाता दोन ओळी, की हल्ली मोठी माणसंसुद्धा कॉम्प्युटरवर खोटी शेती करत बसतात, असं सगळं एकाच पोत्यात भरून वर दाभणाने शिवून टाकलंय. तर साहेब, ती खोटी शेती करणारी मी. वय ४१, राहायला चिंचवड, एका छोट्या कंपनीत अकाउंट्सला आहे, मुलगा आठवीत. आणि खरी शेती मला माहीत नाही असं कुणी म्हणू नये, माहेर नाशिक जिल्ह्यातलं, कांदा आणि द्राक्षं, आप्पा अजून स्वतः करतात.

आधी ते पोतं उसवते. रमीबिमीचं काय ते सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणलीच आहे आणि चांगलंच केलं, आमच्या ऑफिसमधला एक पोरगा त्यात बाईक घालवून बसला होता. व्यसनाचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने गेमच्या व्यसनाला आजारांच्या यादीत घातलंय, २०२२ पासून ती यादी लागू पण झाली, ते मला मान्य आहे, घरात आठवीतला मुलगा असल्यावर मान्य करावंच लागतं. पण मी जो खेळते तो, स्टारड्यू व्हॅली त्याचं नाव, त्यात पैसे एकदाच द्यायचे, मी पाचशेच्या आत घेतला होता, त्यानंतर तीन वर्षं होत आली एक रुपया मागितला नाही. मध्ये जाहिरात नाही, "अजून १०० नाणी घ्या" नाही, नवीन भर पडते तीपण फुकट. आता दुधाची पिशवीसुद्धा दर दोन महिन्यांनी दोन रुपयांनी वाढते तिथं हे मला फार मोठं वाटतं.

गेम आहे काय ते सांगते, कारण लेख लिहिणाऱ्यांनी तो उघडून बघितला असेल असं वाटत नाही. सुरुवातीलाच एक आजोबा मरणाच्या अंथरुणावर एक बंद पाकीट देतात, म्हणतात फारच जड झालं तर उघड. मग काही वर्षांनंतर तुम्ही जोजा नावाच्या कंपनीत खुराड्यासारख्या टेबलाशी बसलेले असता, सगळीकडं कॅमेरे, आणि तिथं ते पाकीट उघडता, तर आत आजोबांच्या शेताचं पत्र. पेलिकन टाउन म्हणून समुद्राकाठी एक छोटं गाव. पोचता तेव्हा शेत म्हणजे नुसतं दगडधोंडे, झाडोरा आणि खुंटं, एक मोडकं घर, हातात ५०० नाणी आणि गावचे सरपंच ल्यूईस यांनी ठेवलेलं पार्स्निपचं बी, १५ दाणे. पार्स्निप म्हणजे आपल्या मुळा-गाजराचा पांढरा भाऊ समजा. ते पेरायचं, झारीने पाणी घालायचं आणि झोपायचं. चार दिवसांनी उपटायचं. बस, इतकंच. पहिल्यांदा ते उपटताना जो एक बारीक "पॉक" आवाज येतो ना, तो ऐकून मी एकटीच हसले होते रात्री साडेदहाला, भांडी घासायची राहिलेली असताना.

वर्षात चार ऋतू, प्रत्येक २८ दिवसांचा. सकाळी ६ ला दिवस सुरू, रात्री २ पर्यंत अंथरुणात नाही गेलात तर आहे तिथं कोसळता, कुणीतरी उचलून घरी आणून टाकतं आणि पैसे कापलेले असतात. अंगात ताकद किती उरलीय त्याची कोपऱ्यात एक उभी पट्टी असते, झाड तोडलं, कुदळ मारली की ती उतरते, म्हणजे काम किती करायचं ते पट्टी सांगते. खऱ्या आयुष्यात ही पट्टी आमच्या साहेबांना दिसली असती तर बरं झालं असतं. घरात एक टीव्ही असतो, त्यावर उद्याचं हवामान सांगतात आणि ते खरं निघतं. उद्या पाऊस म्हणाले की उद्या पाऊस, सगळ्या रानाला पाणी आपोआप. मग जुने खेळणारे काय करतात, उद्या पाऊस सांगितला की आजचं पाणी उरकून झारी लोहाराकडं टाकतात, तो दोन दिवस घेतो ती सुधारायला, तोपर्यंत पावसाने काम निभावून नेलेलं असतं. ही युक्ती मला जमली त्या दिवशी मी ऑफिसमध्ये दिवसभर उगाच खुशीत होते, विचारलं तर काय सांगणार, झारी लोहाराकडं दिलीय म्हणून?

मुलाने २०२३ च्या दिवाळीत मला तो नवऱ्याच्या जुन्या लॅपटॉपवर टाकून दिला, खरं तर चेष्टा म्हणून, "आई, तुला हा जमेल, यात कुणी मरत नाही." मी पण पहिल्यांदा नाकच मुरडलं. अहो आम्ही शेतीतून बाहेर पडावं म्हणून आईबापांनी शिकवलं, मी पाचवीपासून कांद्याची रोपं लावायला वाकलेय, माझी कंबर अजून ते विसरली नाही, आणि आता मी स्क्रीनवर पाणी घालत बसू? माझ्या आधी माझ्या नणंदेने २००९-१० ला फेसबुकवर ते फार्मविल खेळून झालं होतं, ती रात्री अलार्म लावून उठायची पीक वाळेल म्हणून आणि आम्हाला सगळ्यांना गाय पाठवा, खिळे पाठवा म्हणून मेसेज. ते बंद पडलं २०२० च्या शेवटी, घरात कुणी रडलं नाही. म्हणून मला वाटलं हेपण तसलंच असणार. पण यात तुम्ही बंद करून चार महिने गेलात तरी रान जिथं होतं तिथंच थांबून राहतं, कुणी बोलावत नाही, कुणी रुसत नाही.

आता खरी गोष्ट सांगते, ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं.

त्याच डिसेंबरात, म्हणजे २०२३ ला, कांद्याची निर्यातबंदी आली. आप्पांचा लाल कांदा तेव्हा नुकताच निघायला लागलेला. ज्यांचा कांद्याशी संबंध फक्त भाजीवाल्यापुरता त्यांना कदाचित आठवत पण नसेल, पण आमच्याकडं काल एक भाव आणि आज दुसरा, लिलाव बंद, ट्रॅक्टर रस्त्याकडेला उभे. उन्हाळ कांदा असता तर कांदाचाळीत साठवता तरी आला असता, लाल कांदा टिकत नाही, मिळेल त्या भावात द्यावा लागतो. आप्पांनी दिला. मग तोलाई, हमाली, गाडीभाडं वजा जाऊन हातात जे आलं त्याचा आकडा त्यांनी मला फोनवर सांगितला नाही, आईने पण सांगितला नाही, आणि माझ्या घरात आकडा सांगितला नाही याचा अर्थ काय होतो ते मला लहानपणापासून कळतं.

जानेवारीत आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन इकडं करायचं ठरलं म्हणून दोघं पंधरा दिवस माझ्याकडं आले. आई पट्टी बांधून आतल्या खोलीत. आप्पांना फ्लॅटमध्ये करमेना. सकाळी चारला उठायचे, गॅलरीत उभे राहून पार्किंगकडं बघायचे, मग सोसायटीच्या बागेत माळी चुकीचं खुरपतोय म्हणून त्याच्याशी वाद घालून यायचे. एका रात्री मी जेवणं उरकून लॅपटॉप उघडला तर ते मागं येऊन उभे. काही बोलले नाहीत बराच वेळ. मग,

"हे काय लावलंय?"

"फ्लॉवर, आप्पा."

"बी केवढ्याला?"

"ऐंशी."

"कितीला जातोय?"

"पावणेदोनशे. बारा दिवसात येतो."

"आणि लई जणांनी लावला तर?"

"तरी पावणेदोनशेच. एक विका, हजार विका. कधीच उतरत नाही."

आप्पांनी खुर्ची ओढली. संपादक साहेब, माझ्या बापाने माझ्या ऑफिसबद्दल कधी एक प्रश्न विचारलेला नाही, माझ्या बी.कॉम.च्या मार्कांबद्दल नाही, पण त्या रात्री तासभर विचारत होते. माल न्यायचा कुठं? मी दाखवलं, घराशेजारी एक लाकडी पेटी असते, त्यात टाकायचा, रात्री सरपंच घेऊन जातात, सकाळी उठलं की पैसे जमा आणि कशाचे किती ती यादी समोर. अडत? नाही. हमाली? नाही. पट्टी, म्हणजे विकल्या मालाच्या हिशोबाची चिठ्ठी, कधी मिळते? सकाळीच. उधारी? नाही. गाय केवढ्याला? दीड हजार. त्यावर ते मोठ्याने हसले, "दीड हजारात गाय! तिच्या दाव्याला पुरत नाहीत इकडं." मग दूध? एक बाटली सव्वाशे. मग शांत झाले, कारण दुधाच्या दराचा विषय आमच्याकडं जेवताना काढायचा नाही असा नियम आहे. थोड्या वेळाने म्हणाले, ही गाय व्यायलेली तर दिसली नाही, दूध कुठून आलं? खरंच की, तिथं कालवड आणली की पाच दिवसात गाय होते आणि व्यायची भानगडच नाही, रोज सकाळी दूध. मी इतके दिवस खेळत होते आणि माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं, बघा म्हणजे शहरात राहून माणूस कुठं पोचतो.

मग विचारलं, कांदा?

तर साहेब, त्या गेममध्ये कांद्याचं पीकच नाही. लसूण आहे, दुसऱ्या वर्षापासून त्याचं बी मिळतं, बटाटा आहे, द्राक्षं आहेत मांडवावरची, तांदूळ आहे, पाण्याच्या कडेला लावला की भराभर येतो आणि पाणीही घालावं लागत नाही. पण कांदा म्हणाल तर फक्त पातीचा, वसंतात दक्षिणेच्या रानात आपोआप उगवतो, फुकट, उपटून आणायचा. कितीला जातो म्हणून विचारलं. मी सांगितलं, आठ.

"तिकडं पण आठच?"

आणि आम्ही दोघं इतके हसलो की आतून आई ओरडली काय झालं म्हणून. डिसेंबरपासून आप्पांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

त्याच दिवसांतली अजून एक गोष्ट. गेममध्ये पाऊस लागला होता, त्याचा आवाज फार छान केलाय, पत्र्यावर पडल्यासारखा, मी मुद्दाम आवाज वाढवून ठेवते. आतून आई पट्टी बांधलेल्या डोळ्याने उठून दाराशी आली भिंत धरत, "पाऊस आला का गं? अवकाळी आला का? द्राक्षं..." जानेवारीत पाऊस म्हणजे काय ते द्राक्षवाल्यालाच कळतं, मणी तडकतात, वर्ष जातं. मी धडपडत आवाज बंद केला. तिला सांगितलं लॅपटॉपमधला आहे. ती म्हणाली, "पावसाचा आवाज ऐकून बरं वाटतं का तुला?" आणि परत जाऊन झोपली. याचं उत्तर मला आजपर्यंत आलेलं नाही. बरं वाटतं हे खरं आहे. तिथल्या पावसाने नुकसान झालेलं मी बघितलं नाही म्हणून बरं वाटतं.

लेखात म्हटलंय की माणसं असल्या गेममध्ये जबाबदारीपासून पळायला जातात. असेल. पण मी तिथं जाऊन करते काय तर काम करते. उठायचं, पाणी, गाय, कोंबड्या, खाण, दुकान, गावातल्या पिएरचं बियाणांचं दुकान बुधवारी बंद असतं हे लक्षात ठेवायचं (मी दर आठवड्याला विसरते), ऋतू बदलायच्या आत पीक काढायचं नाहीतर पहिल्या तारखेला सगळं वाळून गेलेलं, कावळे येतात म्हणून बुजगावणं उभं करायचं. दिवसभर ऑफिसात काम करून आलेली बाई रात्री अजून काम करते आणि त्याला विश्रांती म्हणते, हे लेख लिहिणाऱ्यांना वेड वाटणं साहजिक आहे. माझ्या मते मात्र माणूस कामाने तेवढा दमत नाही, केलेलं कुठं गेलं ते दिसत नाही त्याने दमतो. मी ऑफिसमध्ये महिनाभर जीएसटीची जुळवाजुळव करते, महिना संपला की तीच परत पहिल्यापासून, आणि कौतुक कशाचं तर चूक सापडली नाही याचं. घरी पोळ्या केल्या त्या संपल्या. आप्पांनी चार महिने कांदा वाढवला तो एका सकाळी गेला. आणि इथं मी सहा तारखेला लावलेलं दहा तारखेला उगवून समोर उभं असतं, आणि त्याचे पस्तीस म्हणजे पस्तीस. वीसचं बी, पस्तीसचा माल, पंधरा सुटले. माझ्या आयुष्यात हा एकच हिशोब असा आहे की जो पहिल्या दिवशी मांडला तसाच शेवटच्या दिवशी निघतो, आणि मी अकाउंट्सवाली आहे.

बरं, हे गाव काही स्वर्ग बिर्ग नाहीये, तसं असतं तर मला आठ दिवसात कंटाळा आला असता. शेन म्हणून एक आहे, जोजाच्या मॉलमध्ये माल लावतो, संध्याकाळी गुत्त्यात, पहिल्यांदा बोलायला गेले तर म्हणाला मी तुला ओळखत नाही, माझ्याशी का बोलतेस. त्याला मिरची फार आवडते. मिरची! मी उन्हाळ्यात त्याच्यासाठी मुद्दाम एक ओळ मिरचीची लावली आणि आठवड्यातून दोनदा नेऊन दिली, त्याहून जास्त भेटवस्तू घेत नाहीत तिथं, हळूहळू माणूस बोलायला लागला, आणि त्याचं जे काय आतलं निघालं ते ऐकून मी लॅपटॉप मिटून थोडा वेळ बसले, कारण असा एक शेन आमच्या भावकीत होता आणि त्याच्यासाठी कुणी मिरची लावली नाही. एक जॉर्ज आजोबा आहेत व्हीलचेअरवर, तिरसट. एक केंट आहे, पहिल्या वर्षी दिसतच नाही, युद्धावरून दुसऱ्या वर्षी परत येतो आणि घरात मिसळत नाही. आणि लिनस, गावाबाहेर डोंगराकडं तंबूत राहतो, कचऱ्याच्या डब्यातून खायचं शोधतो. मला वाईट वाटलं, ओळख झाल्यावर मी त्याला म्हटलं माझ्या शेतावर येऊन राहा, तर त्याला राग आला, मैत्री कमीच झाली. तेव्हा कळलं की मदत म्हणून आपण जे पुढं करतो ते समोरच्याला हवं असतंच असं नाही. आमच्या सोसायटीत सहा मजल्यांवर चोवीस घरं आहेत, अकरा वर्षं झाली, चौघांची नावं मला येतात. पेलिकन टाउनमधल्या सगळ्यांचे वाढदिवस पाठ आहेत. यात लाज वाटण्यासारखं आहे हे मला कळतं, पण लाज कुणी वाटून घ्यायची, गेमने की सोसायटीने?

आणि मॉलचं एक राहिलंच. तिथं जोजा मॉलमध्ये बी पिएरच्या दुकानापेक्षा महाग आहे, वीसचं पंचवीसला. गावात एक पडकं समाजमंदिर आहे, ते तुम्ही तुमच्या रानातला एकेक जिन्नस वाहून हळूहळू नीट करू शकता, नाहीतर ५००० भरून जोजाचे मेंबर व्हा, मग मंदिराच्या जागी त्यांचं गोडाऊन, आणि पुढची कामं पैसे टाकून करून घ्या. दोन्हींनी गेम पुढं जातो, कुणी रागवत नाही. मी मंदिरवाला रस्ता धरला. त्यात धान्यकोठी नावाच्या खोलीसाठी मागितलेल्या जिनसांची सगळी गाठोडी पुरी केली की शेतावरचं काचघर उभं राहतं, कुठलंही पीक कुठल्याही ऋतूत. आप्पांना सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "अनुदानाची फाईल कुणाकडं द्यावी लागती?"

हा गेम एका माणसाने केलाय, सगळा. एरिक बारोन म्हणून अमेरिकेतला, सिॲटलकडचा. कॉलेज झालं, नोकरी मिळेना, तर हात बसावा म्हणून घरी बसून करायला घेतला आणि साडेचार वर्षं करतच राहिला, चित्रं त्याची, संगीत त्याचं, लिखाण त्याचं, प्रोग्रॅमिंग त्याचं. मध्ये एका थिएटरात लोकांना जागा दाखवायची नोकरी अर्धवेळ करायचा. फेब्रुवारी २०१६ ला आला गेम आणि २०२४ संपेपर्यंत ४ कोटींच्या वर विकला गेला. त्याने ज्या जपानी गेमवरून स्फूर्ती घेतली तो १९९६ चा, हार्वेस्ट मून, आणि तो ज्याच्या डोक्यातून निघाला तो यासुहिरो वादा खेड्यात वाढलेला आणि पुढं टोकियोत आलेला माणूस. हे वाचलं तेव्हा मला सगळं उलगडल्यासारखं झालं. गाव सोडून आलेल्या माणसालाच असं गाव रचता येतं, ज्यात चिखल आहे पण पाय दुखत नाहीत. गावात राहणारा असला गेम करणार नाही, तो पीकविम्याच्या रांगेत उभा असेल.

आणि या गेमचे दोष मी सांगितले नाहीत तर माझा नवरा पेपर वाचून मला हसेल. एक म्हणजे हा "अजून एकच दिवस"वाला प्रकार. तिथला पूर्ण दिवस म्हणजे आपली साधारण चौदा मिनिटं, मी मोजलीत, आणि झोपल्याशिवाय सेव्ह होत नाही, म्हणून मध्येच उठता येत नाही, झोपलं की सकाळ होते, सकाळ झाली की फुलकोबी आलेली असते, मग ती काढल्याशिवाय कसं उठणार. असं करत मी दोनदा पावणेदोन वाजवलेत आणि एकदा डाळीचा कुकर करपवलाय, पंधरा शिट्ट्या, शेजारच्या काकू दार वाजवायला आल्या (त्यांचं नाव तेव्हा कळलं). दुसरं म्हणजे माझ्या धंद्याचा दोष, तिसऱ्या महिन्यात मी एक्सेल शीट केली, कुठल्या पिकाला दिवसाला किती सुटतात, द्राक्षं तशीच विकायची की पिंपात घालून वाईन करायची, वाईनला तिप्पट येतात पण आठवडा जातो, पिंपं किती लागतील, आणि एका रविवारी माझ्या लक्षात आलं की मी घरी बसून पगार न घेता ऑफिस करतेय. सगळं आयतं पाणी फवाऱ्यांनी पडतंय, मी नुसती पिंपं भरतेय आणि शेनला भेटून महिना झालाय. जोजा मी स्वतःच उघडलं होतं माझ्या शेतात. शीट डिलीट केली. अर्धी पिंपं काढून टाकली. नुकसान झालं, चालतं.

आप्पा गेले पंधरा दिवसांनी. जाताना म्हणाले, पहिल्या वर्षी सगळं रान एकाच पिकाखाली घालू नको, भाव पडत नसला म्हणून काय झालं, सवय लागती. हे म्हणणारा माणूस स्वतः दरवर्षी सगळं रान कांद्याखाली घालतो. आता रविवारी फोन आला की आईची विचारपूस, द्राक्षाची छाटणी, नातवाचे मार्क, आणि मग थोडं थांबून, "तुझ्याकडं काय लावलंय सध्या?" मी सांगते. ते म्हणतात, हां, भोपळा बरा.

मागच्या महिन्यात माझं तिसरं वर्ष लागलं गेममध्ये. तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या सकाळी आजोबा येतात, तेच, वारलेले, दोन वर्षांत तुम्ही काय केलं ते बघतात आणि त्यांच्या समाधीवर तेवढे दिवे लागतात, जास्तीत जास्त चार. माझे तीन लागले. लग्न केलं नाही, माशात कच्ची आहे, त्याने गेला असेल एक. आप्पांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "मेल्यावर पण हिशोब मागतो का म्हातारा?" मी म्हटलं मागतो, पण समाधीवर एक हिरा ठेवला की परत मोजतो. "मग ठेव की." खाणीत आता हिराच शोधतेय, रोज रात्री दोन-तीन दिवस, म्हणजे अर्धापाऊण तास, कुकर आधी उतरवून.

पत्र फार लांबलं याची कल्पना आहे, तुमच्याकडं जागा कमी असते तर खुशाल कापा, एक्सेलचं कापा, शेजारच्या काकूंचं कापलं तर बरंच, पण आप्पांनी भाव विचारला ते तेवढं राहू द्या, ते तुमचा पेपर अजून एक दिवस उशिरा का होईना वाचतात.

आपली,
एक वाचक, चिंचवड